देवी आल्या, देवी काढल्या
(गावदेवी मंदिराच्या कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



कळस चढला. होमहवन यथासांग पार पडले. भंडाऱ्याच्या पातेल्यांचा वास इथपर्यंत येत आहे, आणि अशा वेळी भाषणाला उभे राहणे किती धाडसाचे आहे याची मला कल्पना आहे. समितीने मला ‘विज्ञान, शिक्षण आणि अध्यात्म’ असा विषय दिला. एवढ्या विषयाला खरे म्हणजे एक सप्ताह बसवावा लागेल. म्हणून मी त्यातला एकच धागा हाती घेतो, आणि तो धागा आपल्या या देवीच्या नावातच सापडतो.

आपल्या मराठीत ‘देवी’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. देवळात बसते ती देवी. मुलाला ताप भरून अंगभर फोड उठत, त्या रोगालाही देवीच म्हणत. ‘अमक्याच्या घरी देवी आल्या’ असे हलक्या आवाजात सांगत. आणि तो रोग होऊ नये म्हणून सरकारी माणूस गावात येऊन हातावर टोचून जाई, त्यालाही ‘देवी काढणे’ म्हणत. टोचणारा तो ‘देवी डॉक्टर’. रोग, रोगावरचा उपाय आणि ज्याच्यापुढे हात जोडायचे ते दैवत, या तिन्हींना आपल्या आज्या-पणज्यांनी एकच शब्द दिला. शिकलेली मंडळी याला अडाणीपणा म्हणतील. मला मात्र त्या एका शब्दात विज्ञान, शिक्षण आणि अध्यात्म यांची सारी कहाणी दिसते.

हा रोग आज चाळिशीच्या आतल्या कोणीही पाहिलेला नाही. ज्येष्ठ मंडळींच्या हातावर रुपयाएवढा गोल वण आहे, तो त्या टोचण्याचा. रोगाच्या तीव्र प्रकारात दहा रोग्यांपैकी साधारण तीन दगावत. वाचत त्यांच्या तोंडावर जन्माचे वण राहत, आणि कित्येकांचे डोळे जात. देवीला चांदीचे डोळे वाहण्याचा नवस आपल्याकडे आहे, त्यामागे हे दुःख आहे. आज आपण ते डोळे पाहतो आणि कारागिरीचे कौतुक करतो. ज्या बाईने ते वाहिले असतील तिच्या मांडीवर तेव्हा काय होते, ते आपल्या लक्षात येत नाही.

घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. फोडणी बंद. बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही. रोग्याला थंड जागी, मऊ कापडावर निजवायचे, लिंबाच्या पाल्याने वारा घालायचा. यातले बरेचसे शहाणपणाचे होते, हे मी आवर्जून सांगतो. दाराला डहाळा लावून येणाऱ्याला थोपवणे याला आज डॉक्टर विलगीकरण म्हणतात. शीतलादेवीचे ध्यानही पाहा: हातात झाडू, दुसऱ्या हातात पाण्याचा कलश, मस्तकावर सूप, आणि वाहन गाढव. स्वच्छतेची सगळी अवजारे तिच्याजवळ आहेत. मुंबईत माहीमला शितळादेवीचे जुने देऊळ आहे, आपल्यापैकी अनेकांनी तिथे दर्शन घेतले असेल.

पण घातक गोष्टीही त्यातच मिसळल्या होत्या. वैद्याला बोलवायचे नाही, कारण आई कोपेल. रोग झाल्याचे कोणाला कळवायचे नाही. काही ठिकाणी तर उलटेच होई, देवीचे दर्शन म्हणून शेजारणी रोग्याला पाहायला येत, आणि त्यांच्या कडेवर त्यांची लेकरे असत. पुढे काय होत असेल ते सांगायला नको. श्रद्धेने जे राखले तेच श्रद्धेने घालवले, असा हा प्रकार होता.

आता विज्ञानाकडे वळू. इंग्लंडात गवळणींमध्ये एक बोलवा होती की, ज्यांच्या हाताला गाईच्या सडांवरचे फोड एकदा होऊन जातात त्यांना देवी येत नाहीत. एडवर्ड जेन्नर नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरने ही बोलवा हसण्यावारी नेली नाही. त्याने १७९६ साली ती तपासून पाहिली. लॅटिन भाषेत गाईला ‘व्हॅका’ म्हणतात, त्यावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द आला. आज कोणतीही लस टोचली तरी नाव गाईचेच घेतले जाते. गोमातेचे उपकार मानणाऱ्या आपल्या समाजाला हे कोणी नीट सांगितलेच नाही, याचे मला नवल वाटते. आणि आपले लोकही काही रिकामे नव्हते. बंगालकडे टीकादार नावाचे लोक होते. ते देवीच्या फोडातले द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत थोडेसे घालून सौम्य रोग आणत, म्हणजे पुढे मोठा येत नसे. त्यांची ही क्रिया शीतलेच्या पूजेसह होई. त्यात धोका होता, जेन्नरची रीत त्याहून पुष्कळ सुरक्षित ठरली. पण सुई एका हातात आणि पूजेचे ताट दुसऱ्या हातात, हे दृश्य आपल्या देशाला अपरिचित नव्हते.

जेन्नरची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा कुठे पोचली? इथून दीड-दोन तासांवर, मुंबईत. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आली होती. बर्फाची पेटी नव्हती. एका माणसाच्या हातावर फोड येई, त्यातून दुसऱ्याला टोचत, अशी माणसामाणसांतून ती चालत आली. त्या मुलीच्या हातावरून मग मुंबईतल्या इतरांना, आणि पुढे देशात सर्वत्र गेली.

आता एक हिशेब मांडतो, तो विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन ऐकावा. उपाय आला १८०२ साली. भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला १९७५ साली. मधली वर्षे किती? एकशे त्र्याहत्तर. औषध हातात असताना आपल्या देशाला सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. लस नव्हती म्हणून नव्हे. सुरुवातीची लस उन्हाने लवकर निकामी होई हे खरे, खेड्यांपर्यंत रस्ते नव्हते हेही खरे. पण त्याहून मोठी अडचण अशी की सुई पुढे गेली आणि शाळा मागे राहिली. मुंबईत १८७७ साली सक्तीचा कायदा झाला. कायद्याने हात धरता येतो, पण हाताच्या मालकाची समजूत घालावी लागते. देवी डॉक्टर आला की आया पोरांना माळ्यावर लपवत, आणि शाळेतली मुले खिडकीतून उड्या टाकत, या गोष्टी आपण जुन्या माणसांकडून हसत हसत ऐकल्या आहेत. ती हसण्याची गोष्ट नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. शेवटच्या मोहिमेतही काही ठिकाणी दारे फोडून, धरून टोचण्यात आले. रोग गेला, पण सरकारी सुईची धास्ती मागे राहिली. सक्तीची किंमत अशी पुढच्या पिढीला मोजावी लागते.

१९७४ साल फार भयंकर गेले. त्या एका वर्षात भारतात देवीचे १,८८,००० वर रोगी झाले आणि ३१,००० वर माणसे मेली. सर्वांत जास्त बिहारात. तेव्हा मोहिमेची रीत बदलून गेली होती. साऱ्या गावाला टोचत बसण्यापेक्षा रोगी कुठे आहे तो शोधायचा, आणि त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचून कडे करायचे. कार्यकर्त्यांजवळ देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले एक कार्ड असे. ते घेऊन कार्यकर्ते बाजारात उभे राहत आणि शाळेत जात. वर्गात चित्र दाखवून विचारत, ‘असे कोणी पाहिले आहे का?’ मोठी माणसे रोग लपवत, मुले सांगून टाकत. दारावरचा डहाळा कशासाठी हे मुलांना ठाऊक असे, पण ते लपवायचे असते हे अजून त्यांना कोणी शिकवलेले नसे. शाळेतल्या पोरांनी ही माहिती दिली नसती तर देवी आणखी किती वर्षे रेंगाळली असती कोण जाणे. नवा रोगी दाखवणाऱ्याला पुढे पुढे १,००० रुपये बक्षीसही जाहीर झाले. तेव्हाचे हजार रुपये.

अध्यात्माची एक कथा इथे सांगितली पाहिजे. हिमालयात कैंची येथे नीम करोली बाबांचा आश्रम. तिथे लॅरी ब्रिलियंट नावाचा एक तरुण अमेरिकन डॉक्टर ध्यानधारणेसाठी येऊन राहिला. बाबांनी त्याला आसनावरून उठवले आणि सांगितले की, दिल्लीला जागतिक आरोग्य संघटनेत जा, खेड्यांतून देवी टोचत फीर, हा रोग नाहीसा होणार आहे. तिथल्या साहेबांनी अनुभव नाही म्हणून परत पाठवले. बाबांनी पुन्हा पाठवले. असे कितीतरी वेळा झाले, आणि अखेर त्याला घेतले गेले. ही हकीकत ब्रिलियंट यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. बाबांनी १९७३ च्या सप्टेंबरात देह ठेवला, आणि दोन वर्षांच्या आत भारतातून देवी गेली. चमत्कार म्हणणारे याला चमत्कार म्हणोत. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते: शिष्य डोळे मिटून बसायला आला होता, आणि गुरूने त्याला बिहार-उत्तर प्रदेशच्या धुळीत धाडले.

२४ मे १९७५ रोजी आसामात करीमगंज येथे शेवटचा रोगी आढळला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला, आणि ८ मे १९८० रोजी जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले.

इथे एखादा चौकस मुलगा विचारील, ‘गुरुजी, मग देवी गेली कुठे?’

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो विचारणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालू नये, ही माझी पालकांना विनंती आहे. वज्रेश्वरीला यात्रेला गेलो की अकलोलीच्या गरम कुंडाशी मुले हमखास विचारतात, पाणी तापवते कोण? आजी सांगते, देवीने मारलेल्या राक्षसांचे ते रक्त. भूगर्भशास्त्र सांगते, पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. मुलाला दोन्ही सांगावे, आणि कोणते काय आहे तेही सांगावे. कथा ही कथा म्हणून सांगितली की ती मोठेपणीही गोड राहते. ती भूगोल म्हणून सांगितली, तर सातवी-आठवीत पोराचा कथेवरचाही विश्वास उडतो आणि सांगणाऱ्यावरचाही.

तर, देवी गेली कुठे? रोग गेल्यावर देवळे ओस पडतील असे काही विद्वानांना वाटले होते. आज हा मंडप पाहा. ज्या भयाने लोक आईकडे धावत होते ते भय निघून गेले आणि तरी लोक आले. गावातल्या कोणाच्याही घरी चांदीचे डोळे घडवायला टाकण्याची वेळ आलेली नाही, आणि तरीही वर्गणी कमी पडली नाही. माझ्या मते अध्यात्माची खरी सुरुवात इथून होते. पोर वाचव म्हणून धरलेले पाय हा आकांत असतो. त्याला नाव ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण पोर सुखरूप असताना, काही मागायचे नसताना जो नमस्कार होतो, तो वेगळा. (सगळेच न मागता येतात असा माझा भाबडा समज नाही. गोडाऊनचे भाडे वाढावे आणि जमिनीची केस लवकर सुटावी म्हणून बोललेले नवस आईने नुकतेच ऐकले असतील.) विज्ञानाने आपल्या देवळाचे काही नेले असेल तर ते भय नेले. ते परत मागायला जाण्यात अर्थ नाही.

आपल्या संतपरंपरेला हे नवे नाही. गाडगेबाबा १८७६ साली जन्मले, १९५६ साली गेले. अक्षरशत्रू माणूस, हातात खराटा, डोक्यावर मडक्याचा तुकडा. गावात पाय टाकला की आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. लोकांकडूनच उत्तरे काढून घेत. पोटाला चिमटा घ्या, भांडी विका, पण पोरांना शाळेत घाला, हे त्यांचे सततचे सांगणे. त्यांनी पैसा जमवला तो धर्मशाळांत घातला. मुंबईत परगावाहून येणाऱ्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांना आजही त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळतो. खराटा आणि मडके. शीतलेच्या ध्यानातलीच ही दोन अवजारे या बाबांच्या अंगाखांद्यावर होती, असे मला कधी कधी वाटते.

आता आपल्या भिवंडीचे बोलतो, कारण सगळी कथा जुनी सांगून बसणे सोपे असते. २०२२ सालच्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली. मुले दगावली. देवीला जगातून घालवणाऱ्या देशात, ज्या शहरापासून लस आत आली त्याच्या वेशीवर, एकविसाव्या शतकात गोवराने मुले मेली. कोविडच्या वर्षांत अनेक मुलांचे डोस राहून गेले होते. त्यात आमच्याकडे अजूनही गोवराला ‘आई आली’ म्हणतात, लिंबाचा पाला लावतात आणि दवाखान्यात नेत नाहीत. पाला खुशाल लावा. पण गोवर हा फार पसरणारा रोग आहे; लस न घेतलेल्यांच्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. लस पहिल्यांदा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसऱ्यांदा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. आणि गोवर झालाच, तर डॉक्टर जीवनसत्त्व ‘अ’ चे डोस देतात, कारण हा रोगही डोळ्यांवर उतरू शकतो. ते थेंब म्हणजे आजचे चांदीचे डोळे समजा.

आपल्या गावात बहुतेकांची कार्डे भरलेली आहेत, हे आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्या पायपिटीचे फळ. अंगणवाडीचे बीजही आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर गरीब आदिवासी मुलांसाठी शाळा त्यांच्या अंगणात नेली. कोसबाड आता पालघर जिल्ह्यात गेले, पण ती कल्पना देशभर पसरली. ज्या १९७५ साली देवीचा शेवटचा रोगी सापडला, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, आणि गावोगाव अंगणवाड्या उभ्या राहिल्या.

पण आपल्या शिवारातच काही मुले कोणत्याच वहीत नाहीत. दिवाळी झाली की शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, मोखाड्याकडून कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात, आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांच्या गावच्या वहीत ती ‘स्थलांतरित’ आणि आपल्या वहीत ती ‘बाहेरची’. भट्टीवरच्या त्यांच्या खोपटाला भोंगा म्हणतात. त्या मुलांसाठी विधायक संसदेच्या मंडळींनी ‘भोंगा शाळा’ काढल्या होत्या, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. यंत्रमागावर परप्रांतातून आलेल्या कुटुंबांची गतही तीच, एका खोलीत आठ-दहा माणसे. या देवळाची वीट ज्या भट्टीची, त्या भट्टीवरचे मूल आपल्या देवीच्या कक्षेबाहेर कसे असेल?

म्हणून समितीपुढे एक विनंती ठेवतो. हा सभामंडप प्रशस्त झाला आहे, पंखे आहेत, नळ आहे, सावली आहे. महिन्यातून एकदा गावातले लसीकरण इथे व्हावे. भट्टीवाल्यांनी आणि मागवाल्यांनी आपल्या गाडीतून त्या दिवशी आया-मुलांना आणावे. ते आज इथे पहिल्या रांगेत देणगीदार म्हणून बसलेलेच आहेत, वेगळे पत्र पाठवायला नको. देवळात सुई टोचल्याने विटाळ होतो का, असे काल मला एका सद्गृहस्थांनी विचारले. उत्तर प्रदेशात पोलिओच्या मोहिमेत मशिदींतून आवाहने झाली, तिथे काही बाटले नाही; भारतात पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा आहे. आणि आपल्या भाषेने तर टोचण्यालाच देवी म्हटले आहे. देवीच्या दारात देवी काढल्या तर विटाळ कोणाचा कोणाला व्हायचा?

आणखी एक बारीकसे काम. प्रवेशद्वाराशी देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक लागला आहे, तो शोभून दिसतो. त्याच्या शेजारी खिळ्यावर एक साधा काळा फळा टांगावा. लसीकरणाची तारीख त्यावर खडूने लिहावी, आणि ते काम शाळेच्या मुलांकडे द्यावे. सकाळी मंडपाची किल्ली पुजारीबुवांकडून कोणी घ्यायची तेवढे आजच ठरवून टाका. फळ्याचा खर्च माझ्याकडे. फक्त त्याच्यावर माझे नाव घालू नका.

भात निवत चालला आहे. आईला नमस्कार करून आपली रजा घेतो.